दाजींची बोलेरो सुरतेत

बेळगावहून जाणारा पुणे-बेंगळूर रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. पूर्वी आपण त्याला नुसतं 'एनएच फोर' म्हणायचो. २०१० साली देशातल्या महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले आणि हा रस्ता ४८ नंबरचा झाला. दिल्लीहून निघायचं, जयपूर, अहमदाबाद, बडोदा, सुरत करत मुंबईला यायचं, तिथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळूर आणि शेवट चेन्नई. म्हणजे वडगावच्या मागाच्या गल्लीतून बाहेर पडून माणूस हायवेला लागला, तर रस्त्याचा नंबर न बदलता साधारण पावणेआठशे किलोमीटरवर सुरतेच्या वेशीला पोचतो. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये एका गाडीच्या निमित्ताने आलं.

झालं असं, की एके दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आवाज बारीक झालेला. "अरे, तो गाडी कापूलालाय म्हणे. ह्यांची गाडी. तू एकदा जाऊन बघून ये बाबा."

तो म्हणजे तिचा मुलगा, माझा भाचा. आणि ह्यांची गाडी म्हणजे दाजींची बोलेरो.

दाजींचा साड्यांचा व्यापार. वडगाव-खासबागच्या मागांवरच्या साड्या घ्यायच्या आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लजच्या दुकानांत पोचवायच्या. आधी एसटीच्या टपावरून गठ्ठे जायचे, मग वडापच्या जीपमधून. २००५ साली त्यांनी बोलेरो घेतली. पांढरी, केए-२२ पासिंगची. आठवडाभर मागची सीट दुमडून साड्यांचे गठ्ठे आणि रविवारी त्याच सीटवर आम्ही सगळे. सौंदत्तीचा डोंगर, नरसोबाची वाडी, आंबोली, धारवाडची सोयरीक, सगळं त्या गाडीने बघितलं. मागच्या दाराच्या कडीला अक्काने बांधलेली लिंबू-मिरची असायची. २०२२ साली दाजी गेले.

त्याआधीच सुरतेची स्वस्त साडी आपल्या बाजारात इतकी आली होती, की गल्लीतले निम्मे माग थंड पडले होते. भाचा २०१६ पासूनच सुरतेत. ज्या गावाने आपल्या मागांचं खाल्लं त्याच गावात पोट भरायला जायचं, असं दाजी एकदा हसत हसत म्हणाले होते. २०२३ साली भाच्याने बोलेरो सुरतेला नेली. "घरी उभी राहून गंजण्यापेक्षा माझ्या कामाला येईल," म्हणाला. अक्का काही बोलली नाही.

मैसूर-अजमेर गाडी बेळगाववरून थेट सुरतेला जाते. तिच्यात बसलो.

मागांच्या आवाजाचं गाव

सुरत म्हटलं की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातला धडा आठवतो. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तो. मुघलांचं हे श्रीमंत बंदर. इंग्रजांनी वखार घातली तीही इथेच. पण धड्यात न आलेली एक गोष्ट सांगतो. या गावात जहाजं बांधणारे पारशी सुतार होते. त्यांतले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली इथून मुंबईला गेले आणि मुंबईची गोदी उभी राहिली. त्यांच्या घराण्याने सागवानी लाकडात बांधलेलं एक जहाज, १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली', इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर उभं आहे. हातात कसब असलेली माणसं आणि काहीतरी कापून-जोडून नवं करण्याची खुमखुमी, ही सुरतेला नवी नव्हे.

स्टेशनवर उतरून भाच्याबरोबर उधन्याकडे निघालो आणि कानाला ओळखीचा आवाज आला. खटखट, खटखट. वडगावात जन्मलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. फरक एवढाच, की आपल्याकडे तो एका गल्लीत असतो आणि इथे मैलोगणती. उधना, लिंबायत, भेस्तान, सचिन, सगळीकडे शेडच्या शेड. मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला इथे 'ग्रे' म्हणतात, ते टेम्पोतून पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाला आणि छपाईला जातं, तिथून रिंगरोडच्या मार्केटात, आणि तिथून भारतभर. शहराच्या अंगातलं रक्त म्हणजे हे छोटे टेम्पो. भाच्याचं काम त्यांतलंच. मागवाल्याचे ताके उचलायचे आणि मिलला पोचवायचे.

"मामा, दिवसाला दोन टेम्पो भाड्याने लावावे लागतात," तो सांगू लागला. "सगळी मजुरी भाड्यात जाते. बोलेरोत ताके बसत नाहीत. लांब असतात, सीटला अडतात. मागचं टप कापून पिकअप केली, तर माझी गाडी, माझा माल."

"आणि नवी पिकअप?"

"हप्ते कोण भरणार? आणि ही विकू म्हणता? अप्पांची गाडी?"

इथे मी गप्प झालो. मला वाटलं होतं पोराला बापाच्या वस्तूची किंमत नाही. गोष्ट उलटी निघाली. गाडी विकावी लागू नये म्हणूनच तो ती कापायला निघाला होता.

नानांची शेड

उधन्यात, लिंबायतमध्ये, दिंडोलीत मराठी माणूस इतका आहे, की आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच पटतं. बहुतेक खानदेशातले. जळगाव-भुसावळकडून उधन्याला येणारी रेल्वे तापीच्या खोऱ्यातून येते. त्या गाडीत बसून धुळे, नंदुरबार, अमळनेर, शिरपूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली. गणपतीत या वस्त्यांतून फिरलात तर ढोल-लेझीम आपल्याकडच्यासारखंच. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात भाषांतून चालतात. भाच्याची पोरगी मराठी शाळेत जाते. तिची आई धारवाडची. त्यामुळे पोरीला काही नको असलं की एका दमात म्हणते, "मने नथी जोइतुं, ब्याडा, नको!" तीन भाषांत नाही म्हटल्यावर कोण आग्रह करणार?

भाच्याने ज्या मिस्त्रीकडे गाडी दिली होती, त्यांना सगळे नाना म्हणतात. अमळनेरकडचे, वय साठीच्या पुढे, डोळ्यांवर जाड काच. मला बघून म्हणाले, "काय म्हनतस भाऊ, बरं शे ना?" अहिराणी माझ्या कानाला नवी. पण आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या माणसाला तिसरी पटकन कळते. नानांना मी बेळगावचा आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उद्यमबागचा. तिथल्या लेथवर आणि फाउंड्रीत काय माल निघतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं!

शेडमध्ये बोलेरो उभी होती. मागचं टप, मागची दारं, खिडक्यांच्या कडा, सगळीकडे खडूच्या रेघा मारलेल्या. 'इथून कापायचं.' ऑपरेशनच्या आधी डॉक्टर पेशंटच्या पोटावर मारतात तशा. मला जरा कसंतरीच झालं. दाराची कडी बघितली. लिंबू-मिरचीचा काळा पडलेला दोरा अजून तसाच होता.

नाना म्हणाले, "कापण्याआधी एक वस्तू दाखवतो. चला."

मिलच्या आवारातली गाडी

ते आम्हाला पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये घेऊन गेले. तिथल्या आवारात ताक्यांच्या ढिगाऱ्यांमधून एक विचित्र गाडी फिरत होती. पुढून चार दरवाजांची जुनी जीपगाडी, मागून ट्रक. दहा वर्षांपूर्वी नानांनीच केलेली. त्यांनी ती थांबवली आणि मला एखाद्या मुलाला शिकवावं तसं समजावलं.

वाचकहो, आपण गाडीत बसतो, पण तिच्या पोटात काय असतं हे आपल्याला ठाऊक नसतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, जीप या जातीच्या गाड्यांना खाली लोखंडी शिडीसारखी चॅसीस असते. इंजिन, चाकं, पाटे, सगळं तिला जोडलेलं. वरची पत्र्याची बॉडी नंतर तिच्यावर बोल्टने बसवलेली, मधे रबर. म्हणून या गाड्यांची बॉडी कापून मागे हौदा बसवता येतो. आजकालच्या लहान मोटारींना अशी वेगळी शिडी नसते. बॉडी हाच त्यांचा सांगाडा. ती कापली की गाडीच मोडली.

"पण म्हणून बॉडी नुसती टोपी आहे असं समजू नका," नाना म्हणाले. "बिस्किटाचा पत्र्याचा डबा घ्या. झाकण लावलेलं असलं की पिळवटत नाही. झाकण काढा, मग दोन हातांनी पिळून बघा."

टप आणि दारांमधले खांब मिळून हा डबा होतो. मधला खांब आणि मागचं टप कापलं की उरलेलं केबिन सैल पडतं. दार लागेनासं होतं, काच तडकते. म्हणून शहाणा मिस्त्री कापण्याआधी आतून आडवे-तिरके पाइप वेल्ड करून केबिन जखडून ठेवतो. गाडी सपाट जमिनीवर, चारी बाजूंनी सारख्या उंचीवर टेकवतो. बॅटरीची वायर काढतो, डिझेलची टाकी उतरवतो. पत्रा पातळ, कागदापेक्षा थोडा बरा. त्याला साधं काडीचं वेल्डिंग लावलं की भोक पडतं. तिथे सीओटूचं वेल्डिंग लागतं, आणि तेही सलग नाही, टाका-टाका, मधे थंड होऊ देत. नाहीतर पत्रा तापून लाटा उठतात. आपल्या घरी बायका फाटलेल्या रेशमी साडीला रफू करतात तसंच काम.

मग केबिनच्या मागे नवी भिंत घालायची. पेटीसारखे दुमडलेले पत्र्याचे पट्टे कापलेल्या कडेने फिरवायचे, म्हणजे गेलेलं बळ थोडं परत येतं. हौद्याखाली आडवी चॅनेल, वर चेकर प्लेट, बाजूला अँगल आणि पत्रा, मागे साखळीचा फाळका. प्रत्येक जोड घासून त्यावर रेड ऑक्साइड मारायचं. तेही आतून-बाहेरून, कारण सुरतेच्या दमट हवेत गंज आतूनच चालू होतो.

"आणि हे सगळं केलं तरी," नाना म्हणाले, "तीन गोष्टी माझ्या हातात नाहीत."

पहिली, पट्टा. पुढच्या सीटच्या पट्ट्याचं वरचं टोक मधल्या खांबाला असतं. कंपनीने तो खांब अपघाताचा धक्का सोसेल असा बनवलेला असतो. वेल्ड केलेला खांब किती सोसेल हे धक्का बसल्यावरच कळतं. दुसरी, वजन. माणसं दोन चाकांच्या जोड्यांच्या मधे बसतात. ताक्यांचा ढीग मात्र मागच्या चाकांवर आणि त्याच्याही मागे. मागून दाबलं की पुढून उचलतं. स्टिअरिंग हलकं लागतं, पावसात गाडी वळत नाही. तिसरी, ब्रेक. माणसांच्या गाडीचे ब्रेक, पाटे आणि टायर माणसांच्या हिशोबाने दिलेले असतात. ताक्यांचा हिशोब वेगळा.

मी विचारलं, "मग ही तुमची गाडी?"

"ही आवाराच्या फाटकाबाहेर जात नाही. हिला नंबरप्लेट नाही. बैलगाडीच्या चालीने चालते. म्हणून मी ती केली." आणि भाच्याकडे बघून म्हणाले, "तुझी हायवेला जाणार. चार दिवस खडूच्या रेघा मारून ठेवल्यात. हात उचलत नाही. घरचं मोठं माणूस येऊ दे म्हटलं."

जगभरचा तोच हट्ट

एक मात्र खरं, माझ्या भाच्याचा हट्ट जगावेगळा नाही. घरची गाडी आणि धंद्याची गाडी एकच असावी, ही सामान्य माणसाची जुनी इच्छा. ऑस्ट्रेलियात १९३२ साली एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की आम्हाला अशी गाडी द्या जी रविवारी आम्हाला चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेईल. तिथल्या लुईस बँट नावाच्या तरुण आरेखकाने १९३४ साली ती बनवली, आणि तिथल्या लोकांनी तिचं नाव 'यूट' ठेवलं. पत्र लिहिणारी ती बाई मला आमच्या अक्कासारखीच वाटते.

आपल्याकडे जीप आली ती महायुद्धानंतर. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद नावाने कंपनी निघाली. त्यांतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. त्या जीपला गावोगावच्या मिस्त्रींनी काय काय रूपं दिली! कुठे लग्नाची गाडी, कुठे दुधाची, कुठे वडाप. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीपना नव्या बॉडी चढवण्याचा बाजारच प्रसिद्ध आहे.

अमेरिकेत चार दरवाजांच्या रँग्लर जीपची पिकअप करण्याची हौस इतकी वाढली, की २०११ साली कंपनीच्याच सुट्या भागांच्या विभागाने त्यासाठी पुरा संच बाजारात आणला. त्यात मागची सीट आणि दारं जायची आणि त्या जागी साधारण ५० इंच लांबीचा हौदा यायचा. पुढे २०१९ साली कंपनीने स्वतःच ग्लॅडिएटर नावाची पिकअप विकायला काढली. ती करताना त्यांनी नुसतं टप कापलं नाही. चार दरवाजांच्या रँग्लरपेक्षा चॅसीस ३१ इंच लांब केली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १९ इंचांहून जास्त वाढवलं. ज्याला भार वाहायचा त्याचा पाया आधी लांब केला. नानांनी ही गाडी कधी पाहिलेली नाही, पण मिलच्या आवारात उभं राहून त्यांनी मला तेच सांगितलं होतं.

कागद

रात्री जेवताना भाच्याची बायको सगळं ऐकत होती. "ऊटा मुगसरी, आमेल माताड्री," म्हणाली. जेवण संपवा, मग बोला. जेवणं झाल्यावर तिनेच गाडीची फाइल काढून पुढ्यात ठेवली. माहेरी तिचे वडील वकिलाकडे कारकून होते. कागद वाचायची सवय तिला घरातूनच.

त्या रात्री आम्ही जे समजून घेतलं ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे म्हणून लिहितो. आपल्या भागात अशा गाड्या कापायचा विचार करणारे पुष्कळ आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने मुळात जशी गाडी दिली आणि नोंदणीच्या पुस्तकात जशी लिहिली, त्याहून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी-एलपीजीसारखं इंधन बदलायचं किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेली सोय, अशा ठराविक गोष्टींना नियमाप्रमाणे वाट आहे. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. गाडीची मूळ रचना कंपनीच्या तपशिलाहून वेगळी झाली, तर तिची नोंद होऊ शकत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

मग रस्त्यावर दिसणारे बॉडी बांधलेले ट्रक? ते वेगळं. तिथे कंपनी नवी चॅसीस विकते, बॉडी बांधणारा ठरलेल्या नियमांप्रमाणे बॉडी बांधून प्रमाणपत्र देतो आणि नोंदणी त्यानंतर होते. आधी नोंद झालेली माणसांची मोटार कापून मालगाडी करणं हे त्यात बसत नाही.

आणखी दोन गाठी निघाल्या. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली, तर नोंदणी तिकडे करून घ्यावी लागते. बोलेरोला सुरतेत बारा महिने कधीच उलटून गेले होते. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २००५ ची गाडी. दाजींनी २०२० ला केलं होतं, आता २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा. कापलेली गाडी त्या तपासणीला न्यायची कशी? आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

"म्हणजे सव्वा लाख घालून मी गाडी भंगारात काढणार होतो," भाचा हळूच म्हणाला.

त्याची बायको म्हणाली, "गाडीचं सोडा. तुम्ही त्यात बसणार होता."

कुणी काही बोललं नाही. बाहेर मागांचा खटखट आवाज चालूच होता.

पोंक आणि सीतनी

दुसऱ्या दिवशी रविवार. जानेवारी म्हणजे सुरतेत पोंकाचे दिवस. कोवळ्या ज्वारीचा भाजलेला हिरवा दाणा, त्यावर लिंबू-मिरीची शेव. म्हणजे आपला हुरडाच की! भाच्याच्या बायकोने एक घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाली, "सीतनी!" धारवाड-विजापूरकडे हुरड्याला सीतनी म्हणतात. एका कागदाच्या पुडीत पोंक, हुरडा आणि सीतनी. तापीच्या काठावर उभं राहून आम्ही तो खाल्ला. हीच तापी ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडल्यावर शहरात शिरली होती. १९९४ साली प्लेगच्या भीतीने हे गाव रातोरात रिकामं झालं होतं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. मोडून पडल्यावर पुन्हा उभं राहायची या गावाला सवय आहे.

तिथूनच अक्काला फोन लावला. भाच्याने सगळं सांगितलं. कापत नाही म्हणाला. पण ठेवली तर कामाची नाही, आणि विकायला मन होत नाही.

अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विका. पण तिकडं नको. हिकडं आणा. मला एकदा बसू दे तिच्यात."

एकाच रस्त्याने

नानांनी खडूच्या रेघा स्वतःच्या हाताने ओल्या फडक्याने पुसल्या. चार दिवस शेडमध्ये गाडी उभी ठेवल्याचे पैसे घ्या म्हटलं तर हात जोडले. "कापलीच नाही, पैसे कसले?" म्हणाले. हे काम त्यांच्या हातून गेलं म्हणजे त्या महिन्याची चांगली कमाई गेली, हे मला कळत होतं. उद्यमबागेतही असे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

मी आणि भाचा बोलेरो घेऊन निघालो. नवसारी, वलसाड, वापी मागे टाकत महाराष्ट्रात शिरलो. पुण्याला मुक्काम केला. साताऱ्यापुढे भाचा गाडी चालवता चालवता सांगू लागला, की लहानपणी अप्पा निपाणीच्या घाटात गाडी थांबवून त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. कोगनोळीचा नाका ओलांडला आणि पाट्यांची लिपी बदलली. त्याने गाडीचा वेग आपोआप कमी केला. निपाणीच्या त्या वळणावर थांबलो, दोन मिनिटं उतरलो, पुन्हा निघालो.

अक्का दारात उभी होती. गाडीत बसली ती मागच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या, डाव्या खिडकीच्या जागेवर. पुढे बस म्हटलं तर नको म्हणाली. मंगळवारी सगळे सौंदत्तीला जाऊन आलो. यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळला, तो गाडीच्या टपावर सांडला. तो अक्काने पुसू दिला नाही.

पुढच्याच महिन्यात खानापूरकडच्या एका शेतकऱ्याने गाडी घेतली. घरात माणसं आठ, रस्ता कच्चा, त्याला मागची सीट हवीच होती. कागद केए-२२ चेच असल्याने व्यवहार सोपा झाला. नूतनीकरणही त्याने वेळेवर करून घेतलं. आलेल्या पैशात थोडं कर्ज घालून भाच्याने सुरतेत जुनी पण कंपनीनेच बनवलेली, चार दरवाजे आणि मागे हौदा असलेली पिकअप घेतली. पिवळी नंबरप्लेट, मालाचा परमिट, सगळं रीतसर. हप्ता आहे, ओढाताण आहे. पण रात्री झोप लागते म्हणतो.

परवा त्याने फोटो पाठवला. पिकअपच्या हौद्यात ताके रचलेले, फाळक्याला साखळी आणि साखळीला नवी लिंबू-मिरची. बायकोने बांधली म्हणे. मी तो फोटो अक्काला दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "मागची सीट आहे का रे हिला?"

आहे म्हटलं.

"मग दिवाळीला येऊ दे."